पिंगळ्यांच्या परसातल्या तिन्ही काळ्या

सिव्हिल लाइन्समध्ये त्या मे महिन्यात कुजबुज सुरू झाली, आणि घरोघरचे कूलर घरघरत असल्यामुळे ती कुजबुज लोकांना जरा ओरडूनच करावी लागली. पिंगळ्यांच्या किरायेदाराने परसात तीन बायका आणून ठेवल्यात. तिन्ही काळ्या. जात कुणाला ठाऊक नाही. एकीला त्याने अंधाऱ्या खोलीत कोंडलंय, दोन वर्षं बाहेर काढायची नाही म्हणतो. आणि मार्तंडराव पिंगळे, ज्यांच्या पूर्वजांनी झाशीच्या दरबारात पूजा सांगितल्या, ते रोज दिवेलागणीला चपला हातात घेऊन त्याच खोलीत जातात.

हे शेवटचं वाक्य सांगताना सांगणारी पदर तोंडाला लावायची. लाजेने नव्हे, हसू दाबायला. मार्तंडराव रेल्वेच्या कचेरीतून बडे बाबू म्हणून निवृत्त झालेले, मराठी समाजाचे माजी अध्यक्ष, गणपतीच्या आरतीत कुणी एक ऱ्हस्व-दीर्घ चुकवला तर आरती थांबवणारे. अशा माणसाबद्दल असं काही ऐकायला मिळालं की उन्हाळा सुसह्य होतो. ऐकणाऱ्याच्या मनात पुढचा विचार एकच यायचा: हे इंदूबाईंना कळलं तर काय होईल?

इंदूबाई म्हणजे मार्तंडरावांच्या पत्नी. माहेर ग्वाल्हेरचं, सासर झाशीचं, आणि दोन्हीकडच्या निम्म्या माणसांशी अबोला. गल्लीत त्यांचं ज्याच्याशी भांडण झालेलं नाही असा माणूस एक तर नुकताच राहायला आलेला असे, नाहीतर छावणीत बदलून आलेल्या एखाद्या फौजी कुटुंबातला, ज्याला अजून कुणी सावध केलेलं नसे. दूधवाल्याला त्या ‘भैया’च म्हणायच्या, पण असं काही म्हणायच्या की तो माप वर दोन थेंब घालूनच ओतायचा. भाजीच्या गाडीवर भेंडीची शेंडी मोडून बघायच्या, आणि भेंडी जून निघाली की ती त्याच्याच गमछ्यात खोचून पुढे जायच्या. शेजारच्या वकिलाने गच्चीवर मोठा दिवा लावला तेव्हा त्यांनी त्याला निरोप धाडला, की आमच्या घरात पाहण्यासारखं काही उरलेलं नाही, तुम्ही उगाच वीज जाळू नका. वकिलाने दिवा काढला. निरोपाचा अर्थ लावत तो अजून बसला असेल.

घरातली व्यवस्था मात्र वेगळी होती. इंदूबाई दिवसभर बोलायच्या आणि मार्तंडराव रात्री झोपायच्या आधी ‘नाही’ म्हणायचे. चाळीस वर्षांचा संसार या दोन गोष्टींवर उभा होता. इंदूबाईंना परसात हौद बांधायचा होता, नाही. ग्वाल्हेरला भाच्याच्या मुंजीला आठ दिवस जायचं होतं, नाही. दिवसभराचं बोलणं एका बाजूला आणि ते एवढंसं ‘नाही’ दुसऱ्या बाजूला, तरी तराजू दर वेळी तिकडेच कलायचा.

त्या उन्हाळ्यातलं ‘नाही’ नीरजाबद्दल होतं.

नीरजा त्यांची थोरली लेक. भोपाळला नवऱ्याचं घर सोडून ती नोकरदार बायकांच्या हॉस्टेलात राहायला गेली होती. नवरा रोज संध्याकाळी हॉस्टेलच्या फाटकाशी उभा राहून तिच्या नावाने शिव्या द्यायचा. शेवटी तिथल्या बाईंनी नीरजालाच बोलावून सांगितलं, की बेटा, महिनाअखेरपर्यंत दुसरी सोय बघ, बाकीच्या मुलींना त्रास होतो. शिव्या देणाऱ्याला हलवणं कठीण होतं, म्हणून ऐकणारीला हलवलं. नीरजा झाशीला यायला तयार होती. इथल्या एका शाळेने तिला जुलैपासून घेतोही म्हटलं होतं.

प्रश्न जागेचा होता, आणि जागा नव्हती असंही नाही. पुढे बैठक, मध्ये देवघर आणि स्वयंपाकघर, नवराबायकोची खोली, आणि आशिषची खोली. आशिष धाकटा. तो पुण्यात असतो, दिवाळीला चार दिवस येतो आणि त्यातले दोन दिवस मित्रांकडे काढतो. तरी त्या खोलीला कुलूप, आणि कुलपाची किल्ली मार्तंडरावांच्या जानव्याला. मुलाची खोली मुलीला उघडून दिली की ती परत गेलीच नाही असं लोक समजतील, हा त्यांचा मुद्दा. ती परत जाणारच नाहीये, हा इंदूबाईंचा मुद्दा. राहिल्या परसातल्या दोन खोल्या. त्या त्यांनी किरायाने दिल्या होत्या.

“त्याला काढा. नीरजा मागे राहील. कुणाच्या डोळ्यांवरही येणार नाही,” इंदूबाई म्हणाल्या.

मार्तंडराव म्हणाले, की किरायेदार सज्जन आहे, आपल्या भाषेचा आहे, कारण नसताना माणसाला घराबाहेर काढता येत नाही.

“लेकीला काढता येतं?”

“नाही म्हणजे नाही, इंदू. काही कारण घडलं असतं तर गोष्ट वेगळी.”

एवढं बोलून ते कुशीवर वळले. इंदूबाई छताच्या पंख्याकडे बघत पडून राहिल्या. मार्तंडरावांनी चाळीस वर्षांत पहिल्यांदा ‘नाही’च्या मागे एक फट ठेवली होती.

आता हा किरायेदार. सलील बोरस्ते, निफाडकडचा, चाळिशीचा, एकटा, ठिबक सिंचनाच्या कंपनीत नोकरीला. झाशीपासून ललितपूरपर्यंत शेताशेतांतून नळ्या अंथरत हिंडायचा आणि हिंडून हिंडून स्वतःही करपलेल्या फांदीसारखा दिसायला लागला होता. तो राहायला आला तेव्हा सामानात एक गादी, एक शेगडी आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या काड्या होत्या. काड्या द्राक्षाच्या. खायच्या द्राक्षाच्या नव्हेत, वाइनच्या काळ्या द्राक्षाच्या. गावी त्याचे भाऊ खायची हिरवी द्राक्षं पिकवायचे आणि परदेशी पाठवायचे. याने एकदा जेवताना सांगितलं, की खरी गंमत त्या काळ्या, फारशा कुणाला माहीत नसलेल्या जातींत आहे आणि त्या बुंदेलखंडच्या उन्हातही येतील. भाऊ एवढे हसले की एकाला ठसका लागला. तेव्हापासून सलीलला फक्त एक भरलेला मांडव हवा होता. त्याचा फोटो भावांना पाठवायचा, आणि खाली काही लिहायचं नाही.

पहिल्या थंडीत, जेव्हा कुणाचं कुणाशी वैर नव्हतं, तेव्हा मांडवाच्या तारा ताणताना दुसरं टोक धरायला इंदूबाईच उभ्या राहिल्या होत्या. तो म्हणाला, “काकू, ही जात लई काटक आहे,” आणि इंदूबाईंनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. झाशीच्या मराठी घरांत जात एकच असते, माणसाची. आंब्याची, तांदळाची, भेंडीची ‘किस्म’ असते, बाजारच्या हिंदीतून आलेली. निफाडला मात्र द्राक्षालाही जात असते आणि ती विचारल्यावर कुणी रागावत नाही. सलीलने हे समजावून सांगितलं तेव्हा इंदूबाई म्हणाल्या, बरं झालं, आमच्या ह्यांच्यासमोर बोलू नकोस, ते वेलाचंही गोत्र विचारतील.

मग त्याने तिन्हींची ओळख करून दिली. मुलगी दाखवताना तिची देतात तशी, गुण आधी, खोड मागाहून.

पहिली पुसा नवरंग. दिल्लीला तयार केलेली, उत्तरेच्या उन्हाला सरावलेली, पाऊस यायच्या आत पिकून मोकळी होणारी. काळी द्राक्षं बहुतेक आतून पांढरी असतात. दाणा पिळा, रस पाण्यासारखा निघतो. रेड वाइनचा रंग सालीतून उतरतो, साल रसात भिजत पडली म्हणजे. नवरंगचा मात्र गरच लाल. दाणा फुटला की बोटं रंगली, आणि साबणाने जात नाही. तिची वाइन शाईसारखी गडद, पण अंगात भरीवपणा बेताचा. तोंडात येते ती वाजतगाजत, आणि गिळली की कुठे गेली पत्ता लागत नाही. अशा लाल गराच्या जाती फ्रान्सातही आहेत. दुसऱ्याच्या फिक्या वाइनला रंग चढवायला त्यांना वापरतात.

दुसरी ताना. ही फ्रान्सचीच, डोंगराच्या बाजूची. साल जाड, बिया इतरांहून जास्त, आणि त्यामुळे वाइन अशी तुरट, की कच्चं टेंभुर्णं चावल्यासारखी जीभ, गाल, हिरड्या सगळं आवळून धरते. ती ताजी प्यायची नसते. अंधारात, गारव्यात वर्षं काढावी लागतात, मग कुठे तिचा कडवटपणा निवतो आणि खालून काळ्या आलुबुखाराचा, ज्येष्ठमधाचा, जरासा धुराचा असा वास वर येतो.

तिसरी सँसो. कमी पाण्यावर, उन्हाळ्यातले तापलेले वारे, इकडची लू, सोसत जगणारी. दाणा टपोरा, काळाभोर, पण साल पातळ, म्हणून वाइन फिकी लाल, फुलांचा आणि स्ट्रॉबेरीचा वास असलेली, हलकी. खोड एकच, हिला घड फार लागतात. निम्मे वेळेवर खुडले नाहीत तर सगळीच वाइन पाणचट.

मागच्या उन्हाळ्यात थोडे घड आले. सलीलने तिन्हींची वाइन वेगवेगळ्या काचेच्या बरण्यांत केली आणि आतल्या खोलीची खिडकी पुठ्ठ्याने बंद करून त्या तिथे ठेवल्या. थंडीत त्याने इंदूबाईंना तानाचा घोट दिला. इंदूबाईंनी तो जागच्या जागी नालीत थुंकला आणि म्हणाल्या, याने आमची पितळेची भांडी घासून निघतील.

सलीलला लागलं. त्याने बरणीला झाकण लावलं आणि म्हणाला, “काकू, ही अगदी तुमच्यासारखी आहे. दहा वर्षं कोंडून ठेवली, तर कदाचित चार माणसांत बसवण्यासारखी होईल.”

इंदूबाईंनी पदराने ओठ पुसले. “आणि तू त्या तिसरीसारखा. वरून काळा रुबाब, पिळला की पाणी.”

त्या दिवसापासून दोघांत सरळ वैर सुरू झालं. तो नळाखाली पाय धुवायचा, त्या वरून बादली ओतायच्या. त्यांनी पापड वाळत घातले की त्याला नेमकी फवारणी आठवायची. झाशीकरांची जीभ गुळाने बुळबुळीत झाली आहे असं तो म्हणायचा, आणि त्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचा.

मार्तंडरावांचं मात्र उलट झालं. त्यांनी एकदा संध्याकाळी सहज विचारलं, की याने रक्ताभिसरण सुधारतं हे खरं का? सलील म्हणाला, बघा चाखून. त्यांना ताना आवडली. तुरट, कडक, हट्टी, घशात जाऊनही न सोडणारी. रोज दिवेलागणीला, देवापुढे निरांजन लावून झालं की, ते चपला हातात घेऊन परसात जायचे आणि पितळेच्या पेल्यातून औषध घेऊन यायचे. इंदूबाईंना हे माहीत नाही, अशी त्यांची समजूत. चाळीस वर्षं एका खोलीत झोपणाऱ्या बाईला नवऱ्याच्या मिशांचा वास कळत नाही, असं मानणारे ते काही जगातले पहिले पुरुष नव्हेत. किरायेदार सज्जन का आहे, आपल्या भाषेचा का आहे, हे इंदूबाईंना चांगलं समजलेलं होतं.

तरीही इंदूबाई आधी सरळ मार्गानेच गेल्या. मेच्या सुरुवातीला त्या परसात उभ्या राहिल्या. मांडवावर पहिल्यांदाच घड दाटले होते, नवरंगच्या दाण्यांवर रंग धरायला लागला होता. त्यांनी सलीलला सांगितलं, की माझ्या लेकीला जागा नाही, तू दुसरीकडे खोली बघ. आवाज त्यांच्या मानाने पुष्कळ खाली होता.

सलील म्हणाला, की जूनमध्ये तोडणी आहे. सामान उचलून नेता येतं, मुळं नाही. तीन वर्षं पाणी घातलंय, ते काय आता सोडून जायला? नीरजाताईंना सांगा, जूननंतर या.

“तिला महिनाअखेरीला बाहेर काढतायत.”

“मग तुमच्या मुलाची खोली उघडा की, काकू. माझ्या वेलींवर कशाला?”

बोलणं खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. इंदूबाई वळल्या आणि आत गेल्या. त्या दिवशी त्यांनी कुणाशीच भांडण केलं नाही, आणि दूधवाल्याने घरी जाऊन बायकोला सांगितलं, की पिंगळे माताजी आजारी दिसतात.

त्यानंतर आली अक्षय्य तृतीया. मार्तंडरावांचा पुतण्या अमोघ बायकोसह जेवायला आला. अमोघ बँकेत असतो. त्याचं मराठी म्हणजे हिंदीवर घातलेला मराठी सदरा, बटणं कुठलीतरीच लागलेली. ‘मला भूक लागून राहिली आहे’ असं म्हणतो आणि ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण समजतो. समाजाच्या स्पर्धेत एकदा त्याने बाप्पाला ‘मुलांना चांगली शिक्षा दे’ अशी प्रार्थना केली होती. त्याच दुपारी सलील परसात नळापाशी उभा राहून निफाडच्या थोरल्या भावाशी फोनवर बोलत होता. तो म्हणाला ते असं:

“तिन्ही काळ्या आहेत. इकडं ही जात कुणाला माहीत नाही, तेच बरंय. पहिलीचं रक्तच लाल, हात लावला तरी डाग पडतो. दुसरी लई तोंडाळ. तिला अंधारात कोंडून ठेवलीय, दोन वर्षं बाहेर काढत नाही, आपोआप मऊ होईल. तिसरी पातळ कातडीची, मोकळी सोडली की बिघडते. म्हातारा रोज येतो की दुसरीकडं. त्याला तीच आवडते.”

आठ दिवसांत हे बोलणं सिव्हिल लाइन्सभर झालं. वाटेत त्याला काय काय चिकटलं ते वेगळंच. कुणी म्हणालं, रात्री रडण्याचा आवाज येतो. कुणी म्हणालं, एकीच्या हाताचं रक्त नालीत दिसलं. आणि हे सगळं ऐकलं कुणी, तर अमोघने, प्रत्यक्ष कानांनी.

मराठी समाजाचे तेव्हाचे अध्यक्ष जनार्दनपंत हर्षे. मार्तंडरावांना पाडून ते अध्यक्ष झाले होते आणि विजय पुरता साजरा करायची संधी त्यांना अजून मिळालेली नव्हती. एका संध्याकाळी ऊन जरा उतरल्यावर ते पत्नी मधुताई आणि समाजाची दोनचार माणसं घेऊन पिंगळ्यांच्या दारात उभे राहिले. धुतलेलं धोतर, पांढरा कुडता, चेहऱ्यावर दुःख. दुःख त्यांना नीट बसत नव्हतं.

“मार्तंडराव, आम्ही तुमच्या भल्यासाठी आलो आहोत.”

“माझं भलं बघायला एवढे लोक लागतात?”

मधुताईंनी सरळ परसाचं दार गाठलं. त्यांना खरोखरच काळजी होती, हे कबूल करायला हवं. कुतूहल होतंच, पण काळजीही होती. त्या सलीलला म्हणाल्या, की त्या तिघींना बाहेर बोलाव, त्यांना पोटाला तरी मिळतं का? सलील बनियनवर, हातात छाटणीची कात्री. कुठल्या तिघी, त्याने विचारलं. जनार्दनपंत पुढे झाले आणि शब्द चावत म्हणाले, काळ्या. ज्यांची जात इथे कुणाला माहीत नाही.

सलीलने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग त्याने कात्री खिशात घातली आणि म्हणाला, “या.”

तो त्यांना मांडवाखाली घेऊन गेला. ही पहिली, म्हणून नवरंगचा एक पिकत आलेला दाणा तोडला आणि जनार्दनपंतांच्या समोर चिमटीत फोडला. पिचकारी कुडत्यावर गेली, बरोबर छातीवर, लालभडक. मधुताई किंचाळल्या. मग हळूहळू कुणाच्यातरी लक्षात आलं, मग दुसऱ्याच्या, आणि माणसं हसायला लागली. जात म्हणजे द्राक्षाची जात. काळ्या म्हणजे द्राक्षं. आणि हे सगळं त्या अमोघच्या मराठीमुळे. मधुताई हसता हसता डोळे पुसत होत्या. मार्तंडराव सगळ्यांत मोठ्याने हसले, सुटलेल्या माणसासारखे. फक्त जनार्दनपंत कुडत्याकडे बघत होते.

मंडळी परतायला वळली. कुणीतरी पन्ह्याची आठवण काढली. इंदूबाई स्वयंपाकघराच्या पायरीवर उभ्या होत्या. महिना संपायला थोडेच दिवस होते, आणि दोन खोल्यांचं दार त्यांच्या डोळ्यांसमोर हसत हसत बंद होत होतं. त्या पायरी उतरल्या.

“सलील,” त्या म्हणाल्या, अगदी मऊ आवाजात, “पाहुण्यांना सगळं सांगितलंस. पण या द्राक्षांचं तू करतोस काय, ते राहिलंच.”

इथे सलीलचं चुकलं. पण त्याचीही बाजू बघायला हवी. तीन वर्षांत त्याला हा प्रश्न कुणी विचारलेला नव्हता. भाऊ हसले होते, कंपनीतल्यांना नळ्यांशी मतलब, आणि मार्तंडराव पीत होते पण विचारत नव्हते. आता अंगणभर माणसं त्याच्याकडे बघत उभी होती. तो आत गेला आणि बरण्या घेऊन आला, तिन्ही, कडेवर मुलं घ्यावीत तशा. उतरत्या उन्हात त्याने त्या मांडल्या आणि बोलत सुटला. हिचा रंग बघा, पलीकडचं दिसणार नाही. हिचा रंग बघा, बरणीतून माझी बोटं दिसतात, पण वास घ्या. रंग म्हणजे ताकद नव्हे, लोक फसतात ते इथेच.

“ही दारू आहे?” जनार्दनपंतांनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं दुःख गेलं होतं आणि माणूस एकदम तरुण दिसत होता.

“वाइन आहे.”

“म्हणजे दारूच.”

“दारू वेगळी, पंत. बबीनाच्या फौजी कँटीनात मिळते ती दारू. ही वाइन.”

“मार्तंडरावांच्या घरात. देवघराच्या मागच्या भिंतीला लागून. आबकारीवाल्यांना कळलं तर समाजाचं नाव पेपरात येईल.”

सलील चिडला. आपल्या मालाला नावं ठेवलेली त्याला कधीच खपली नव्हती. त्याने तानाची बरणी उचलली आणि मार्तंडरावांकडे बोट केलं. “काकांनाच विचारा ना. थंडीपासून रोज तेच चाखतायत. सांगा हो काका, कशी उतरते?”

मधुताईंचा पदर आपोआप तोंडाकडे गेला. मार्तंडरावांनी जनार्दनपंतांकडे पाहिलं, मग इंदूबाईंकडे. इंदूबाई गप्प होत्या. गल्लीने त्यांना एवढा वेळ गप्प पाहिलेलं नव्हतं.

मार्तंडरावांचा हात जानव्याशी गेला. “मी या खोलीत कधी पाऊल टाकलेलं नाही,” ते म्हणाले.

“काका?”

“उद्या सामान हलव. ब्राह्मणाच्या घरात असले धंदे चालणार नाहीत.”

सलील हसला. ताना प्यायल्यावर येतं तसं, ओठ आवळून. तो इंदूबाईंकडे वळला. “मुद्दाम विचारलंत.”

“तूच म्हणायचास ना, कुणी विचारत नाही.”

डाग पडलेला तो कुडता जनार्दनपंतांनी धुवायला टाकला नाही, असं मधुताईच सांगतात. घडी करून कपाटात ठेवला आहे.

सलीलने दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो बोलावला. सामान चढवून झाल्यावर तो कात्री आणि करवत घेऊन मांडवाखाली गेला आणि तिन्ही वेली बुंध्यापासून कापल्या. घड तसेच तारांवर लटकत राहिले, दुपारपर्यंत सुरकुतले. बरण्या त्याने परसातल्या नालीत ओतल्या, आधी नवरंग, मग सँसो. ताना ओतताना मार्तंडराव खिडकीत उभे होते. सलीलने ती हळूहळू ओतली, त्यांना पुरेसा वेळ मिळावा म्हणून. जाताना किल्ली त्याने इंदूबाईंच्या हातात दिली नाही, पायरीवर ठेवली. इंदूबाईंनीही ती तो टेम्पोत बसेपर्यंत उचलली नाही. हल्ली तो बुंदेलखंडातच, बांद्याकडे असतो म्हणे. तिथे त्याने पुन्हा काड्या लावल्या की नाही, ते कुणी सांगत नाही.

नीरजा महिनाअखेरच्या गाडीने आली. पहिल्याच संध्याकाळी मायलेकींचं भांडण झालं. नीरजा म्हणाली, खोलीला आंबूस वास आहे, इथे काय मेलं होतं? इंदूबाई म्हणाल्या, राहायचं तर खिडकी उघड, नाहीतर भोपाळ मोकळं आहे. नीरजाने खिडकीवरचा पुठ्ठा ओरबाडून काढला आणि राहिली. मांडवाच्या लोखंडी खांबांना इंदूबाईंनी दोऱ्या बांधल्या. आता तिथे नीरजाच्या शाळेच्या साड्या वाळतात. नवरंगचा बुंधा पहिल्या पावसात फुटायला लागला तेव्हा इंदूबाईंनी भाताच्या पेजेचं उकळतं पातेलं त्यावर ओतलं, आणि नंतर बराच वेळ त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. नीरजाने विचारलं, काय बघतेस? इंदूबाई म्हणाल्या, तुझं काम कर.

मार्तंडराव संध्याकाळी घरातच असतात. रात्री कधी ते सवयीने ‘नाही’ म्हणतात. त्यावर इंदूबाई अंधारातच विचारतात, की घसा कोरडा पडलाय का, आणि मार्तंडराव कुशीवर वळतात. आशिषच्या खोलीची किल्ली अजून जानव्यालाच आहे.

अमोघला समाजाच्या कार्यक्रमात आजही लोक ‘जात कुठली, अमोघ?’ म्हणून छेडतात. तो कान पकडतो आणि हसतो. आपण असं काही ऐकलं नाही, असं त्याने कधीच म्हटलं नाही, कारण एकदा म्हणायला गेला तेव्हा काकूने त्याच्याकडे पाहिलं होतं.

त्या अक्षय्य तृतीयेला अमोघ जेवून बैठकीत झोपला होता. सलीलचं फोनवरचं बोलणं इंदूबाईंनी ऐकलं. त्यातला शब्द न् शब्द त्यांना कळला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो, द्राक्ष एवढा एक विषय वगळून आणि अमोघचं नाव पुढे करून, आपल्याकडे आणि हर्ष्यांकडे भांडी घासणाऱ्या बाईला हिंदीत सांगितला.